धंद्यासाठी पहिली गाडी घेताय? इसार देण्याआधी हे वाचा



मागच्या बॅचमध्ये विषय होता खेळतं भांडवल. दोन दिवस मी माल, उधारी, वसुली यावर घसा कोरडा केला आणि जेवणाच्या सुट्टीत पाच जणांनी वेगवेगळं गाठून एकच विचारलं, "सर, गाडी कोणती घेऊ?" भांडवलाबद्दल एकानेही काही विचारलं नाही. मला हसू आलं, पण खरं सांगायचं तर गाडी हा भांडवलाचाच प्रश्न आहे. छोट्या धंदेवाल्याच्या आयुष्यात दुकानाच्या डिपॉझिटनंतर एका दमात बाहेर जाणारी सगळ्यात मोठी रक्कम बहुतेक वेळा गाडीचीच असते.

यावर व्हिडिओ केला, पण १२ मिनिटांत सगळं मावलं नाही. शिवाय काही गोष्टी कॅमेऱ्यासमोर बोलायला जड गेल्या, कारण त्यात चूक माझीच आहे. त्या इथे लिहितो.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांचा वेळ वाचेल. ज्याचा धंदा अजून तीन वर्षांचाही झालेला नाही त्याने कोरी गाडी लांब हप्त्यावर घेऊ नये. चार ते सहा वर्षं वापरलेली, पहिल्याच मालकाकडची छोटी गाडी घ्यावी आणि मालाच्या पैशाला हात न लावता घ्यावी. माझ्या मेव्हण्याला हे अजिबात पटत नाही. "जुनी गाडी म्हणजे दुसऱ्याचं दुखणं विकत घेणं," असं तो म्हणतो. त्याला पगार आहे, एक तारखेला खात्यात जमा होतो. तुमचा-माझा पगार गिऱ्हाइकाच्या मूडवर आहे, हा फरक तो विसरतो.

आधी वहीत आकडा मांडा

माझं दुकान कराडला आहे, बेकरी आणि केकवाल्यांना लागणाऱ्या सामानाचं. प्रीमिक्स, व्हिपिंग क्रीम, चॉकलेट कंपाउंड, केकचे खोके, बोर्ड. गिऱ्हाईक मलकापूर, उंब्रज, पाटण असं पसरलेलं. २०२३ मध्ये मी साताऱ्याहून २०१८ ची पासिंग असलेली वॅगनआर ३ लाख ४० हजारांना घेतली. बहुतेक लोक इथे थांबतात. "३.४० ला पडली, चांगली पडली." पण गाडीची किंमत एकदा द्यायची नसते, दर महिन्याला द्यायची असते.

माझ्या वहीतला हिशोब बघा. चार वर्षं वापरून ती २ लाखांना विकली असं धरलं, तर १ लाख ४० हजार उतरले, म्हणजे महिन्याला २,९००. इन्शुरन्स वर्षाला ९ हजारांच्या घरात, महिन्याचे ७५०. सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी आणि अचानक निघणारी कामं मिळून २,०००. महिन्याला ८०० किलोमीटर फिरतो, १८ चा ॲव्हरेज आणि पेट्रोल १०४ रुपये धरलं तर ४,६००. आणि आता ती ओळ जी कोणीच लिहीत नाही: हे ३.४० लाख मालात फिरले असते तर निदान महिना एक टक्का तरी सुटला असता. ते ३,४००. बेरीज झाली १३,६५०.

माझ्या धंद्यात सरासरी १२ टक्के सुटतात. म्हणजे नुसती गाडी फुकट पडायला मला महिन्याला साधारण १ लाख १४ हजारांची जादा विक्री करावी लागते. जादा, आहे त्याच्यावर. मी गाडी घेतली ती हा आकडा बघून. पाटणच्या बाजूला स्वतः जाऊन गिऱ्हाईक जोडलं, वसुली वेळेत यायला लागली, म्हणून जमलं. पहिले पाच महिने नाही जमलं, हेही सांगतो.

तुम्ही हाच हिशोब तुमच्या आकड्यांनी मांडा. मग शेजारी लिहा की सध्या टेम्पोवाल्याला महिन्याला किती देता. मी तेव्हा आठ फेऱ्यांचे ७,२०० देत होतो. म्हणजे निव्वळ माल पोहोचवायला गाडी घेतली असती तर मी वेडा ठरलो असतो. ज्यांचा आकडा जमत नाही त्यांनी वाईट वाटून घेऊ नका. घरच्यांसाठी गाडी हवी असेल तर जरूर घ्या, आईला दवाखान्यात न्यायला रिक्षा शोधत फिरण्याचं दुःख मलाही माहीत आहे. फक्त तो घरखर्च आहे हे मान्य करा, "धंद्यासाठी घेतली" म्हणून स्वतःला फसवू नका.

बोनेट गार पाहिजे

आता प्रत्यक्ष गाडी बघणं. माझी वॅगनआर निवृत्त शिक्षक काकांची होती. जाहिरात बघून फोन केला तेव्हा मी दोनच गोष्टी मागितल्या: सकाळी लवकर येतो आणि मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. विकणारा आपण पोहोचायच्या आधी गाडी गरम करून ठेवत असेल तर काहीतरी लपवायचं आहे असं समजा. गार इंजिन पहिल्या सेल्फला उठतं का, उठल्यावर खडखड येते का, सायलेन्सरमधून निळसर धूर येतो का, हे फक्त गार असतानाच कळतं. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. तिथून चहा न पिता निघायचं.

सोबत मिस्त्री न्या. तुमच्या ओळखीचा, विकणाऱ्याच्या ओळखीचा नाही. त्याचा अर्धा दिवस जातो, त्याला ५००-१००० रुपये हातावर ठेवा. लाजून फुकट नेलंत तर तोही फुकटातलंच बघतो. आमच्या मिस्त्री मामांनी काय केलं? आधी गाडीकडे पाहिलंच नाही. टायरकडे पाहिलं.

"काटा किती सांगतोय?" त्यांनी विचारलं.

"४६ हजार."

"मग बरोबर आहे. टायर कंपनीचेच आहेत."

टायरच्या बाजूला चार आकडे छापलेले असतात. पहिले दोन म्हणजे वर्षातला कितवा आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष. ३४१८ असेल तर २०१८ चा ३४ वा आठवडा. गाडी २०१८ ची, टायर २०१८ चे, नक्षी घासत आलेली आणि काटा ४६ हजार, हे एकमेकांशी जुळतं. उलट काट्यावर २८ हजार आणि टायर गाडीपेक्षा तीन वर्षांनी नवीन असतील तर विचारा, २८ हजारांत टायर का बदलले? काटा मागे फिरवणं हा काही अवघड उद्योग नाही. म्हणून अधिकृत सर्व्हिस सेंटरची हिस्ट्री काढायला लावा. तिथे प्रत्येक सर्व्हिसिंगला किलोमीटर नोंदवलेले असतात. काकांकडे तर फाइलच होती, पहिल्या दिवसापासूनची सगळी बिलं तारखेप्रमाणे लावलेली. फाइल बघूनच माझं निम्मं काम झालं. जो माणूस वायपर ब्लेडचं बिल जपून ठेवतो तो ऑइल बदलायला विसरत नाही.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट बघायलाच लागते, ती म्हणजे पुरात बुडालेली गाडी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर आणि २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूण, आपण सगळ्यांनी गाड्या छतापर्यंत पाण्यात पाहिल्या. त्या सगळ्या काही भंगारात गेल्या नाहीत. सीटखालच्या पट्ट्यांना गंज आहे का बघा. स्टेपनी उचलून त्या खड्ड्यात बारीक गाळ आहे का बघा. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. वरचा भाग धुतलेला असतो, आत गुंडाळलेल्या पट्ट्यावर पाण्याची रेघ राहते. एसी लावल्यावर कुबट वास आला तर नको म्हणा, कितीही स्वस्त असली तरी. पाणी शिरलेल्या वायरिंगचं काम कधी संपत नाही.

ठोकलेली गाडी ओळखायची तर बोनेट उघडून कडेचे बोल्ट बघा. पाना लागलेला असेल तर रंग उडालेला दिसतो. बारीक ओरखडे, बंपरचा रंग, हे शहरात चालवलेल्या गाडीला असायचेच. दारांचे खांब आणि पुढची चासीची दांडी सरळ पाहिजे, बाकी माफ.

भाव कसा केला ते सांगतो. त्याच मॉडेलच्या, त्याच सालच्या दहा-बारा गाड्यांचे भाव आधी वहीत लिहून नेले होते. काकांनी ३.७० सांगितले. मी "काका, कमी करा" असं म्हटलंच नाही. म्हटलं, चार टायर लगेच बदलावे लागतील, बॅटरी चार वर्षं झालेली आहे, इन्शुरन्स दोन महिन्यांत संपतोय. तिन्हीचे आकडे कागदावर लिहून समोर ठेवले. काका म्हणाले, "घासाघीस मला आवडत नाही. पण टायरचं तुम्ही म्हणताय ते खरं आहे." काकूंनी चहा आणला आणि ३.४० ला सौदा ठरला. "दहा-वीस हजार सोडा ना" असं नुसतं म्हणण्यात दम नसतो, समोरचाही पाठ केलेलं उत्तर देतो.

आता माझी चूक

२०१९ ची गोष्ट. माझ्याकडे तेव्हा एक जुनी व्हॅन होती. दुकानासाठीच घेतलेली, खूप वापरलेली. एका ऑटो कन्सल्टंटने ९५ हजार रोख देऊ केले. मला तेव्हा पैशांची नड होती. त्याने टीटी फॉर्म पुढे केले, म्हणजे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म. खरेदीदाराचं नाव कोरं. "तुम्ही सही करा, गिऱ्हाईक आलं की पंधरा दिवसांत नाव बदलतो." मी सही केली, पैसे मोजले, घरी आलो. बीबीए केलेला माणूस, करारावर कोरी सही करू नये हे मी आज तुम्हाला शिकवतो. तेव्हा माझ्या डोक्यात फक्त ९५ हजार होते.

दोन वर्षांनी दुसऱ्या जिल्ह्यातल्या पोलीस ठाण्यातून फोन आला. माझ्या व्हॅनने एका दूधवाल्या पोराच्या मोटारसायकलला उडवलं होतं. मी म्हटलं, माझ्याकडे व्हॅनच नाही. साहेब म्हणाले, आरसीवर तुमचंच नाव आहे. ती व्हॅन मधल्या काळात तीन हातांतून फिरली होती आणि एकानेही नाव बदललं नव्हतं. इन्शुरन्स केव्हाच संपला होता.

पुढे अपघात दाव्याच्या न्यायाधिकरणाची नोटीस आली. वकिलाने समजावलं तेव्हा पायाखालची जमीन सरकली. सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ मधला निकाल आहे: गाडी प्रत्यक्षात कितीही हातांत गेलेली असो, आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याची. इन्शुरन्स असता तर कंपनीने भरलं असतं. नव्हता, म्हणून मी. कन्सल्टंटचा गाळा तोवर बंद झालेला, त्याचा नंबर बंद.

दीड वर्ष तारखा केल्या. त्या पोराला मी कोर्टाच्या आवारात पहिल्यांदा पाहिलं. वीस-एकवीस वर्षांचा, पायात रॉड, कुबडी घेऊन बाकावर बसलेला. सोबत त्याची आई. तिने मलाच विचारलं, "तुम्ही चालवत होता का?" मी नाही म्हटलं, पण पुढे काय बोलावं सुचलं नाही. त्याच्यावर राग धरावा असं काही नव्हतंच. शेवटी तडजोड झाली. वकिलाची फी धरून माझे १ लाख ६० हजार गेले. ९५ हजारांना विकलेल्या गाडीचे.

म्हणून कागदाच्या बाबतीत मी आता कोणाचं ऐकत नाही, आणि तुम्हीही ऐकू नका. विकताना खरेदीदाराचं नाव, पत्ता, तारीख भरल्याशिवाय सही नाही. गाडी ताब्यात दिल्याची पावती वेळ टाकून दोघांच्या सहीने घ्यायची. अपघात सकाळी अकराला झाला की संध्याकाळी पाचला, यावर पुढे वाद होतात. कायद्याने विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. माझा नियम जास्त कडक आहे: शेवटचे २५ हजार नाव बदलल्याची नोंद ऑनलाइन दिसल्यावरच. काका याला लगेच तयार झाले. एखादा तयार होत नसेल तर का होत नाही, याचा विचार करा.

घेताना काय बघायचं तेही सांगतो. एम-परिवहन ॲपवर नंबर टाका. मालकाचं नाव पूर्ण दिसत नाही, पण पासिंगची तारीख, इन्शुरन्स, बोजा आहे का, हे कळतं. ई-चलान वेगळं तपासा, काही गाड्यांवर पाच-सात हजारांची चलनं साचलेली असतात. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि ३५ नंबरचा फॉर्म हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. चासी नंबर आरसीशी स्वतः जुळवा, फोटोवर विश्वास नको. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवली आहे का बघा. बाहेरून बसवलेलं सीएनजी किट असेल तर ते आरसीवर चढलेलं पाहिजे आणि टाकीची दर तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट झालेली पाहिजे. दिल्ली पासिंगच्या गाड्या स्वस्त मिळतात म्हणून बरेच जण भुलतात. तिथली एनओसी, इथलं पासिंग, महाराष्ट्राचा रोड टॅक्स, हे सगळं धरलं की स्वस्ताई कुठे जाते ते कळत नाही.

आणि इन्शुरन्स. आरसी नावावर झाली म्हणजे इन्शुरन्स आपोआप झाला असं समजू नका. तिसऱ्या माणसाचं नुकसान त्या पॉलिसीत धरलं जातं, पण तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी १४ दिवसांत पॉलिसी नावावर करून घ्यायला अर्ज द्यावा लागतो. तो दिला नाही आणि पंधराव्या दिवशी गाडी ठोकली तर क्लेम नाकारला जाऊ शकतो. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नसतो. त्यामुळे थोडा फरक भरावा लागेल. भरा.

नवीनच घ्यायची असेल तर

मी नवीनच्या विरोधात आहे असं नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी उतरला. चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर सेस धरून २९ टक्के होता तो १८ झाला. म्हणजे जी गाडी ६ लाख एक्स-शोरूम होती ती करामुळेच साधारण ५१ हजारांनी खाली आली. याचा जुन्या गाडीशी संबंध काय? खूप आहे. एक-दोन वर्षं वापरलेली गाडी विकणारा अजून त्याने दिलेल्या जुन्या किमतीवरून भाव सांगतो. "मला साडेसातला पडली, सहाला देतो." अहो, तीच गाडी आज कोरी कितीला मिळते ते आधी बघा. एक-दोन वर्षांच्या गाडीत सध्या मला फार राम दिसत नाही. घ्यायची तर चार ते सहा वर्षांची, नाहीतर सरळ कोरी.

शोरूममध्ये "ऑन-रोड कितीला" हा प्रश्न विचारू नका, फाटे फोडलेलं कोटेशन लेखी मागा. एक्स-शोरूम वेगळं, रोड टॅक्स वेगळा, इन्शुरन्स वेगळा, ॲक्सेसरीज वेगळ्या. "हँडलिंग", "लॉजिस्टिक" अशा नावाची ओळ दिसली तर शांतपणे विचारा, हे कशाचे? बहुतेक वेळा ती ओळ गळते. इन्शुरन्स शोरूममधूनच घेतला पाहिजे अशी सक्ती कोणी करू शकत नाही. बाहेरचं कोटेशन फोनवर दाखवलं की त्यांचाही आकडा खाली येतो. गाडी कोणत्या महिन्यात बनली ते विचारा. डिसेंबरात डिस्काउंट चांगला मिळतो तो उगाच नाही, पुढे विकताना साल मोजलं जातं. गाडी आठ-दहा वर्षं ठेवणार असाल तर डिसेंबरात बिनधास्त घ्या.

कर्जाबद्दल दोन गोष्टी. पहिली, हप्ता कमी दिसावा म्हणून मुदत वाढवू नका. ५ लाख, साडेनऊ टक्के, पाच वर्षं: हप्ता साधारण १०,५००, व्याज १ लाख ३० हजार. तेच सात वर्षांना हप्ता ८,१७० होतो आणि व्याज १ लाख ८६ हजार. सातव्या वर्षी गाडी म्हातारी झालेली असते आणि हप्ता अजून तरुण. दुसरी, जुन्या गाडीच्या कर्जात "९ टक्के" सांगितलं तर विचारा, फ्लॅट की रिड्युसिंग? ३ लाख चार वर्षांना ९ टक्के फ्लॅट म्हणजे ८,५०० हप्ता, आणि तो रिड्युसिंगच्या भाषेत जवळपास १६ टक्के पडतो. हे मी हप्ता कॅल्क्युलेटरवर स्वतः करून बघितलंय, तुम्हीही बघा.

माल कशात नेणार?

हा मुद्दा व्हिडिओत राहूनच गेला आणि तो सगळ्यात महत्त्वाचा आहे. खासगी गाडीच्या पॉलिसीवर बारीक अक्षरात वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात. भाड्याने देणं चालणार नाही आणि सॅम्पल किंवा स्वतःचं सामान सोडून मालवाहतूक चालणार नाही, असं तिथे असतं. मागची सीट पाडून मैद्याची पोती भरून निघालात आणि अपघात झाला तर कंपनीच्या हातात तुम्ही आयतं कारण देता. म्हणून माझा जड माल अजूनही टेम्पोनेच जातो. गाडीत मी, सॅम्पल आणि वसुलीची वही.

माल स्वतः न्यायचाच असेल तर मालवाहू म्हणून पासिंग झालेली छोटी गाडी बघा, ईकोची कार्गो किंवा छोटा हत्ती. घरच्यांना फिरायला नेता येणार नाही, पण हिशोब वेगळाच होतो. प्रवासी कारवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट आपल्याला मिळत नाही, कायद्यानेच अडवलेलं आहे. धंद्यासाठी घेतलेल्या मालवाहू गाडीचं मिळतं. साडेचार लाख मूळ किंमत असेल तर १८ टक्क्यांनी ८१ हजार झाले. अर्थात तुम्ही रेग्युलर जीएसटीत असाल तरच, कंपोझिशनवाल्यांना ते नाही. ३,००० किलोपेक्षा कमी एकूण वजनाच्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. वेगळं लायसन्सही नको, साध्या एलएमव्हीवर ७,५०० किलोपर्यंतची गाडी चालवता येते, घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तेच कायम केलं. फिटनेस मात्र वेळच्या वेळी करावं लागतं.

"गाडी घेतली की टॅक्स वाचतो" हे वाक्य तुम्हाला कोणीतरी नक्की ऐकवेल. गाडीवर वर्षाला १५ टक्के घसारा मिळतो हे खरं. पण तुमच्यापैकी बहुतेक जण विक्रीच्या ८ किंवा ६ टक्के नफा दाखवून रिटर्न भरता ना? त्यात घसारा आधीच धरलेला असतो, वेगळा काही मिळत नाही. तुमच्या सीएला विचारा, एका मिनिटाचं काम आहे.

बॅचमधल्या एका ताईंचं सांगतो. घरून केक करतात, दोन वर्षांत चांगला जम बसवलाय. दिवाळीच्या तोंडावर त्यांचा फोन आला. "दादा, कोरी गाडी बुक केली. २१ हजार भरले. डाउन पेमेंट दीड लाख, सात वर्षांचा हप्ता." मी विचारलं, दीड लाख कुठले? त्या थोडा वेळ गप्प होत्या. ते डिसेंबरच्या ऑर्डरींच्या कच्च्या मालाचे होते. माझ्या धंद्यात मला रोज दिसतं, केकवाल्यांचा डिसेंबर म्हणजे शेतकऱ्याची सुगी. बियाण्याचे पैसे देऊन बैलजोडी सजवायची आणि मग बियाणं उधार आणायचं, असला तो प्रकार होता.

मी त्यांना घेऊ नका असं म्हटलं नाही. वरचा हिशोब त्यांच्या आकड्यांनी मांडून पाठवा, एवढंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी वहीच्या पानाचा फोटो आला आणि खाली लिहिलं होतं, "बुकिंग रद्द करते." २१ हजार परत यायला पाच आठवडे आणि असंख्य फोन लागले, पण आले. डिसेंबर त्यांनी स्कूटरवर डबा बांधून आणि मोठ्या ऑर्डरींना शेजारच्या रिक्षावाल्या दादांना सोबत घेऊन काढला. माल रोखीत घेतला म्हणून माझ्याकडूनच त्यांना तीन टक्के सूट मिळाली.

गेल्या आठवड्यात पुन्हा फोन आला. विट्याला एका बँकेतल्या साहेबांची २०२० ची गाडी आहे, सगळी बिलं आहेत, रविवारी बघायला जायचंय, मिस्त्री मामांचा नंबर द्या. मी नंबर दिला. फोन ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "आणि दादा, साहेबांना सांगून ठेवलंय, आम्ही येईपर्यंत चावी लावू नका म्हणून."